हाताने पोलाद वाकवण्याचा आणि पिळण्याचा सराव : सळईची निवड, पकड आणि तंत्र

हाताने पोलादी सळई वाकवणे किंवा पट्टी पिळणे हा ताकदीचा छंद दिसायला रांगडा असला, तरी तो शिकण्याची रीत मोजमापाची आहे. सळईचा व्यास, तिची लांबी आणि पोलादाचा दर्जा या तीन गोष्टी ज्याला ओळखता येतात त्याचा सराव दुखापतीविना वर्षानुवर्षे चालू राहतो. ज्याला त्या ओळखता येत नाहीत तो बांधकामावर उरलेला एखादा तुकडा उचलतो आणि पहिल्याच दिवशी मनगट दुखावून घेतो. म्हणून येथे तंत्राइतकीच जागा सळईच्या निवडीला दिली आहे. माझ्या मते नवशिक्याचा निम्मा अभ्यास तोच आहे.

या छंदाची परंपरा जुनी आहे. अलेक्झांडर झास (१८८८–१९६२) हा रशियन साम्राज्यात जन्मलेला बलवान पुरुष पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या कैदेत असताना बेड्या आणि गज यांच्यावर जोर लावून आपली ताकद राखत असे. पुढे इंग्लंडमध्ये ‘सॅमसन’ या नावाने तो सळया वाकवण्याचे आणि साखळ्या तोडण्याचे प्रयोग करू लागला. पोलंडमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेला जोसेफ ग्रीनस्टीन (१८९३–१९७७) साडेपाच फुटांपेक्षाही कमी उंचीचा होता, पण ‘द मायटी ॲटम’ या नावाने त्याने उतारवयापर्यंत लोखंड वाकवून दाखवले. आपल्याकडे प्रोफेसर राममूर्ती म्हणून ओळखले गेलेले कोडी राममूर्ती नायडू (१८८२–१९४२) शरीराभोवती आवळलेली साखळी तोडण्यासाठी प्रसिद्ध होते. आज या छंदात सर्वाधिक केला जाणारा प्रकार म्हणजे आखूड सळई, मांडीचा किंवा टेबलाचा टेकू न घेता, केवळ दोन हातांत धरून इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवणे. अमेरिकेतील आयर्नमाइंड या कंपनीची ‘रेड नेल’ ही सळई त्याची जगभर मान्य असलेली कसोटी समजली जाते. तिची लांबी ७ इंच आणि व्यास ५/१६ इंच असतो. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या भाषेत ती अडीच सुती सळई झाली, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

सळई कशी ओळखावी

दुकानात उभे राहून ६ मिलिमीटर आणि ८ मिलिमीटर जाडीच्या सळया शेजारी धरल्या तर फरक किरकोळ वाटतो. वाकवताना तो किरकोळ राहत नाही, कारण गोल सळई वाकवण्यास लागणारा जोर तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ चा घन २१६ आणि ८ चा ५१२, म्हणजे दोन मिलिमीटरच्या वाढीने जोर जवळजवळ २.४ पट होतो; १० मिलिमीटरला तो ६ मिलिमीटरच्या साडेचार पटींहून अधिक होतो. दुसरा घटक पोलादाचा दर्जा. ज्या ताणाला पोलाद कायमचे वाकू लागते त्याला यील्ड म्हणतात. साध्या माइल्ड स्टीलची, म्हणजे दुकानदार ज्याला एमएस किंवा काळी सळई म्हणतो तिची यील्ड २५० मेगापास्कलच्या (मेगापास्कल हे ताणाचे एकक) आसपास धरली जाते. बांधकामाच्या टीएमटी सळईवर जो ‘एफई ५००’ असा शिक्का असतो, त्यातला ५०० हा आकडा किमान यील्डचाच आहे. म्हणजे सारख्याच जाडीची टीएमटी सळई साध्या सळईच्या किमान दुप्पट कणखर असते.

या दोन गोष्टी एकत्र करून कोणत्याही गोल सळईचा अंदाज घरबसल्या काढता येतो. व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा घन करावा, त्याला ६ ने भागावे, यील्डच्या आकड्याने गुणावे आणि शेवटी १००० ने भागावे. जे उत्तर येते तो सळई पूर्णपणे वाकवण्यास लागणारा मोमेंट, म्हणजे बल गुणिले तरफेची लांबी, न्यूटन-मीटरमध्ये असतो. या हिशेबाने ६ मिलिमीटरच्या काळ्या सळईला सुमारे ९, ६ मिलिमीटरच्या टीएमटीला १८, ८ मिलिमीटरच्या काळ्या सळईला २१, १० मिलिमीटरच्या काळ्या सळईला ४२ आणि ८ मिलिमीटरच्या टीएमटीला ४३ न्यूटन-मीटर लागतात. शेवटचा आकडा नीट पाहावा. स्लॅबमधून उरलेला ८ मिलिमीटरचा टीएमटीचा तुकडा सात इंचांवर कापला, तर तो जवळजवळ रेड नेलच्याच तोडीचा होतो. आणि नवशिके लोक नेमका तोच तुकडा हातात घेतात, कारण तो सर्वत्र सहज सापडतो.

टीएमटीबाबत आणखी एक गोष्ट या हिशेबात दिसत नाही. ही सळई तयार होताना पाण्याच्या फवाऱ्याने वरून एकदम थंड केली जाते, त्यामुळे तिचे बाहेरचे कडे कठीण आणि आतला गाभा तुलनेने मऊ राहतो. सळई वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्या थरावरच येतो, मध्यावर जवळजवळ येतच नाही. म्हणून हातात टीएमटी तिच्या आकड्यापेक्षाही चिवट लागते. तिच्यावरच्या आडव्या कडा चामडे कापतात आणि बोटांना रुततात, हे वेगळेच. पहिल्या काही महिन्यांत टीएमटीला हात न लावणे हेच शहाणपणाचे आहे.

तिसरा घटक लांबी. मोमेंट ठरलेला असतो, पण तो निर्माण करण्यास हाताला किती बल लावावे लागेल हे तरफेच्या लांबीवर अवलंबून असते. सात इंची सळईत मध्यापासून टोकापर्यंत जेमतेम नऊ सेंटिमीटर मिळतात, आणि हाताचा दाब सरासरीने सात सेंटिमीटरवर पडतो असे धरले, तर ६ मिलिमीटरच्या काळ्या सळईला प्रत्येक हाताचे सुमारे १३ किलो आणि ८ मिलिमीटरच्या टीएमटीला सुमारे ६० किलो बल लागते. तेही ओढण्याचे किंवा उचलण्याचे नव्हे, तर मनगट वळवून दाबण्याचे बल असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे खरे वजन समजते. सळई अर्धा इंच आखूड केली की दर बाजूची तरफ पाव इंचाने घटते. हा बदल कानशीने किंवा हॅकसॉने हवा तितका बारीक करता येतो, म्हणून सरावातील पायऱ्या लांबीवर बांधणे सर्वांत सोयीचे.

ब्राइट बार म्हणून मिळणारी चकचकीत सळई थंड अवस्थेत ओढून काढलेली असते. थंड अवस्थेत ताणल्यामुळे पोलाद कठीण होते, म्हणून सारख्याच मापाच्या काळ्या सळईपेक्षा ती बरीच कणखर लागते आणि वाकतानाची तिची जाणीवही निराळी असते. काळी सळई काही क्षण हटून बसते आणि मग एकदम सुटल्यासारखी वाटते. ब्राइट बार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच विरोध करत राहते. मनोधैर्य वाढवण्यासाठी पहिली चांगली, चिकाटी वाढवण्यासाठी दुसरी.

खरेदी आणि कापणी

फॅब्रिकेशनचे साहित्य विकणाऱ्या दुकानात ६ आणि ८ मिलिमीटरची काळी गोल सळई सहज मिळते. ती ग्रिल, जाळ्या आणि कड्यांसाठी नेहमी विकली जाते. दुकानदाराला ‘दोन सुती गोल’ किंवा ‘अडीच सुती गोल’ असे सांगितले तरी समजते, मात्र इंची आणि मिलिमीटरची मापे तंतोतंत जुळत नाहीत: दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि या थोड्याशा फरकाने वाकवण्याचा जोर जवळपास अठरा टक्क्यांनी बदलतो. म्हणून शक्य असेल तर जाडी मोजण्याचे व्हर्नियर घेऊन जावे. नसेल तर वजनाचा आधार घ्यावा. बांधकामावर वापरले जाणारे सूत्र, व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे दर मीटरचे वजन किलोमध्ये देते. त्यानुसार ६ मिलिमीटरचा सात इंची तुकडा सुमारे ४० ग्रॅम आणि ८ मिलिमीटरचा सुमारे ७० ग्रॅम भरला पाहिजे; स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर हे दहा सेकंदांत तपासता येते. कमी मापाची सळई ८ मिलिमीटर म्हणून विकली जाणे दुर्मीळ नाही, आणि आपल्या नोंदी खऱ्या राहाव्यात असे ज्याला वाटते त्याने ही तपासणी टाळू नये.

एकाच सळईतून वीस-पंचवीस तुकडे एकदम कापून घ्यावेत, म्हणजे पोलाद सारखे राहते आणि आजच्या सळईची तुलना पुढच्या महिन्यातल्या सळईशी करता येते. छिन्नीने तोडलेल्या टोकाला धारदार कंगोरा राहतो, तो चामड्यातून थेट तळव्यात घुसतो. म्हणून तुकडे हॅकसॉने कापावेत आणि प्रत्येक टोक कानशीने गोलसर करावे. शेवटी तेल आणि गंज फडक्याने पुसून टाकावा, कारण तेलकट सळई गुंडाळीत फिरते आणि फिरलेली सळई जोर खाऊन टाकते.

काही वस्तूंना हातही लावू नये. बीड, कानस, हॅकसॉचे पाते, ड्रिलचे बिट, स्प्रिंग आणि ज्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा त्याहून मोठा आकडा कोरलेला असतो ते बोल्ट या कामासाठी नाहीत. बीड आणि कठीण केलेले पोलाद न वाकता अचानक तुटते, आणि तुटलेला तुकडा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो. डोळ्यांवर साधा सुरक्षा चष्मा असणे ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी, मऊ सळईसाठीसुद्धा.

गुंडाळी

उघड्या तळव्याने आखूड सळई वाकवण्याचा हट्ट धरू नये. टोकांचा दाब तळव्याच्या अगदी लहान जागेवर येतो आणि वेदनेमुळे पकड आपोआप सैल होते, म्हणजे ताकद असूनही ती सळईपर्यंत पोहोचत नाही. दोन वेगवेगळ्या गुंडाळ्या वापराव्यात, प्रत्येक हातासाठी एक. चार ते सहा इंच रुंद आणि सुमारे फूटभर लांब असे मऊ पण जाड चामड्याचे तुकडे उत्तम. चपला-पट्टे बनवणाऱ्या कारागिराकडे उरलेल्या चामड्यातून ते स्वस्तात मिळतात. चामडे नको असल्यास जाड कॅनव्हास किंवा जुन्या जीन्सचे कापड दुहेरी करून चालते. गाडी पुसण्याचे मऊ शामॉय एकटे पुरत नाही, पण आतल्या थरासाठी चांगले.

गुंडाळी शक्य तितकी घट्ट हवी. सळईचे टोक कापडाच्या काठाशी जुळवून, टेबलावर दाबत दाबत ती लाटावी आणि बाहेरून रबरबँड लावावा. टोकापलीकडे गुंडाळीचा भाग लोंबू देऊ नये, कारण तो भाग हाताला फसवी लांबी देतो. गुंडाळी फार जाड झाली तरी तरफ बदलते आणि सळई सोपी होते. म्हणून एकदा निवडलेली गुंडाळी बदलू नये, निदान नोंदीत तरी तसे लिहावे. मध्यभागी दोन गुंडाळ्यांमध्ये साधारण इंचभर सळई उघडी राहिली पाहिजे. तळव्यांना घाम येत असेल तर व्यायामशाळेत वापरतात तो मॅग्नेशियम कार्बोनेटचा खडू लावावा.

दोन्ही तळवे खाली : मुख्य पकड

आखूड सळई धरण्याच्या तीन-चार रीती आहेत. त्यांपैकी दोन्ही तळवे जमिनीकडे ठेवून वाकवण्याची रीत सर्वांत ताकदवान ठरते, कारण तीत मनगटासोबत छाती, खांदे आणि पाठ कामाला लागतात. तीच आधी नीट शिकावी.

पावले खांद्याइतकी फाकवून उभे राहावे. गुंडाळलेली सळई आडवी धरावी, तळवे खाली, तर्जन्या मध्याजवळ आणि करंगळ्या टोकांकडे. अंगठे सळईच्या खालून मध्याकडे आणून उघड्या भागाच्या दोन्ही बाजूंना टेकवावेत. मग सळई हनुवटीखाली, छातीच्या वरच्या भागासमोर, शरीराच्या अगदी जवळ आणावी आणि कोपर दोन्ही बाजूंना वर उचलावेत. ही तयारीची स्थिती घाईने घेऊ नये. तर्जनीच्या मुळाची हाडे सळईच्या मध्याला नीट भिडली आहेत का, दोन्ही हात मध्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, हे बघूनच जोर लावावा. एक हात अर्ध्या इंचाने बाहेर गेला तरी सळई मध्याऐवजी एका बाजूला वाकते, सळईचा एक पाय, म्हणजे बाकाच्या एका बाजूचा भाग, आखूड राहतो आणि शेवटचा टप्पा फार जड जातो.

जोर लावताना अंगठे आणि तर्जनीची मुळे मध्यभाग वर रेटतात आणि करंगळीकडची बाजू टोके खाली दाबते. नवशिक्या येथे फक्त मनगटे वळवतो. खरी ताकद कोपरांच्या हालचालीत आहे: वर उचललेले कोपर बरगड्यांकडे खाली खेचत आणावेत, त्याच वेळी छाती आवळावी, आणि मनगटे त्या हालचालीत ताठ ठेवून शेवटी वळवावीत. जोर एका झटक्यात न लावता एका सेकंदात शून्यापासून पूर्णावर न्यावा आणि मग तीन ते पाच सेकंद धरून ठेवावा. झटक्याने सांध्यांना इजा होते आणि सळईलाही त्याचा फरक पडत नाही. सळई हलली नाही तर सोडावी, श्वास घ्यावा, पकड पुन्हा बांधावी आणि दुसरा जोर लावावा. श्वास पूर्ण कोंडून धरू नये. दात घट्ट मिटून, फटीतून हवा सोडत राहिल्यास पोट कडक राहते आणि डोक्यात रक्त चढत नाही.

पहिला कोन पडणे हा सर्वांत कठीण भाग असतो. सळई वीस-तीस अंशांनी वाकली की ती आपल्या ताब्यात आली असे समजावे, पण तेथे थांबू नये. वाकलेल्या जागी पोलाद कठीण होत जाते, म्हणून अर्धवट वाकलेली सळई पुढच्या सरावासाठी ठेवणे किंवा सरळ करून पुन्हा वाकवणे दोन्ही चूक. पुढेमागे वाकवलेल्या सळईत भेगा पडतात आणि ती अचानक तुटते. कोन पडल्यावर त्याच पकडीत काटकोनापर्यंत जावे. या दुसऱ्या टप्प्यात हात हळूहळू एकमेकांकडे येतात आणि कोपर बरगड्यांना लागतात.

काटकोनानंतर पकड बदलते. आता सळईचे दोन पाय खाली किंवा समोर आलेले असतात. ते दोन तळव्यांत घेऊन बोटे एकमेकांत गुंफावीत, छातीच्या मधल्या हाडासमोर धरावेत आणि दोन्ही तळवे एकमेकांकडे दाबावेत. पायांच्या जितक्या टोकाशी तळवे असतील तितके बरे. दोन टोकांमधले अंतर दोन इंचांवर किंवा त्याखाली आले म्हणजे सळई पूर्ण वाकली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वाकलेल्या जागेला लगेच बोट लावू नये. वाकवण्याचे काम उष्णतेत बदलते आणि जाड सळईचा बाक चांगलाच तापलेला असतो.

तळवे वर ठेवून वाकवण्याच्या रीतीत कोपर बरगड्यांना चिकटवून सगळा भार मनगटांवर घेतला जातो. तिसऱ्या रीतीत एका हाताने सळई पोटाजवळ स्थिर धरून दुसऱ्या हाताने तिला वळवले जाते. या दोन्ही रीतींत लागणारी ताकद अधिक एकांगी आहे, म्हणून मुख्य पकडीत वर्षभर स्थिरावल्यावर त्यांकडे वळावे.

पायऱ्या

सुरुवात ६ मिलिमीटरच्या काळ्या सळईच्या आठ इंची तुकड्याने करावी. बहुतेक निरोगी प्रौढांना तो पहिल्या आठवड्यातच वाकतो; न वाकल्यास नऊ किंवा दहा इंच घ्यावा. त्याच लांबीचे तीन तुकडे एका सरावात, प्रत्येकी एका मिनिटाच्या आत, दोन टोके दोन इंचांवर आणून वाकवता आले की पुढच्या वेळी लांबी अर्ध्या इंचाने कमी करावी. अशा रीतीने ६ इंचांपर्यंत उतरल्यावर ८ मिलिमीटरची काळी सळई दहा इंचांवर घ्यावी आणि तीही अशीच कमी करत सातवर आणावी. ६ मिलिमीटरची टीएमटी या दोहोंच्या मध्ये बसते, ज्याला तिच्या कडा सहन होतात त्याने वापरावी.

८ मिलिमीटरच्या काळ्या सळईनंतर मोठी दरी येते, कारण २१ वरून थेट ४२ न्यूटन-मीटरवर उडी आहे. येथेच अनेकांचा सराव अडतो किंवा कोपर दुखू लागतो. ही दरी लांबीनेच भरावी: काळी ८ मिलिमीटर सहा इंचांपर्यंत आखूड करावी, मग त्याच जाडीची ब्राइट बार आठ इंचांवर घ्यावी, आणि त्यानंतर ८ मिलिमीटरची टीएमटी अकरा इंचांवर सुरू करून दर वेळी अर्धा इंच कमी करत न्यावी. या प्रवासाला काही महिन्यांऐवजी एक-दोन वर्षे लागली तर त्यात काहीही गैर नाही. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, स्नायुबंधांना त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

आठवड्यातून दोन दिवस पुरेसे आहेत, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती हवी. प्रत्येक वेळी दोन सोप्या सळयांनी हात तापवावेत, मग पाच-सहा खऱ्या सळया, प्रत्येक सळईनंतर दोन-तीन मिनिटांचा विसावा. शेवटी झासच्या पद्धतीने एखाद्या न वाकणाऱ्या जाड सळईवर सहा ते आठ सेकंद जोर धरावा, दोन-तीन वेळा. या सळईसाठी १२ मिलिमीटरची टीएमटी योग्य, कारण ती हलणार नाही याची खात्री असते. इतर दिवशी गदा किंवा मुद्गल फिरवणे, जोर काढणे आणि घणाचा दांडा शेवटाला धरून तो मनगटाने हळू उचलणे-उतरवणे हे व्यायाम या छंदाला थेट उपयोगी पडतात. मुठी आवळण्याचा इतका सराव झाल्यावर बोटे उघडण्याचाही व्यायाम लागतो. पाचही बोटांभोवती जाड रबरबँड घालून ती ताणावीत, किंवा तांदळाच्या बादलीत हात खुपसून बोटे फाकवावीत.

लांब सळई आणि पीळ

लांब सळईचा सराव आखूड सळईच्या उलट वाटतो: जाडी मोठी, तरी सुरुवात सोपी. १२ मिलिमीटरची पाच फुटी काळी सळई वाकवण्यास सुमारे ७२ न्यूटन-मीटर लागतात, पण मध्यापासून साठ सेंटिमीटरवर हात असल्यास प्रत्येक हाताला फक्त बाराएक किलो बल पुरते. मांडीच्या मध्यावर जाड चामडे किंवा चार पदरी टॉवेल ठेवून, सळई त्यावर आडवी टेकवून दोन्ही टोके खाली ओढावीत. गुडघ्याच्या वाटीवर सळई कधीही टेकवू नये. मान आणि दात यांचा टेकू घेऊन वाकवण्याचे प्रयोग जुन्या बलवानांनी केले आहेत, पण ते अनुकरणासाठी नाहीत.

सळई ‘यू’ आकारात आली की खरी कारागिरी सुरू होते. दोन्ही पाय एकमेकांवरून ओलांडून आणखी ओढले की मध्ये गोल फासा तयार होतो आणि माशाचा आकार येतो. पायांची टोके बाहेर वळवली की शेपूट होते. जसजसे पाय आखूड होतात तसतशी तरफ कमी होते, म्हणून असे आकार शेवटाकडे अवघड होत जातात आणि कोणता बाक आधी घालायचा याचा विचार सुरुवातीलाच करावा लागतो. सर्वांत आखूड पायाचा बाक सगळ्यात आधी घालावा, तेव्हा दुसरी बाजू लांब तरफ म्हणून हाताशी असते.

पीळ घालण्यासाठी २० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड अशी एमएसची चार फुटी पट्टी घ्यावी. दोन्ही टोकांना सहा-सहा इंचांवर पट्टी तिच्या पातळ बाजूने काटकोनात वाकवावी, म्हणजे दोन मुठी तयार होतात आणि मधला तीन फुटांचा भाग पिळण्यास मोकळा राहतो. पट्टी उभी धरून खालची मूठ दोन्ही बुटांखाली दाबावी, एका हाताने पट्टीचा वरचा भाग स्थिर धरावा आणि दुसऱ्या हाताने वरची मूठ टोकाशी धरून फिरवावी. या मापाच्या पट्टीला सुमारे १३ न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे मुठीच्या टोकाशी नऊएक किलो. पट्टीची लांबी वाढवल्याने लागणारा जोर बदलत नाही, फक्त पिळाचे वेढे वाढवता येतात. जेथे पीळ पडतो तेथे पोलाद कठीण होते आणि पुढचा पीळ शेजारच्या मऊ भागात सरकतो, म्हणून हात सावकाश आणि सारखा चालवल्यास पीळ संपूर्ण लांबीवर एकसारखा उतरतो. वेढे घालताना पट्टीच्या कडांनी हात कापतो, तेव्हा येथे हातमोजे घालावेत. पुढे २० × ५ मिलिमीटरच्या पट्टीवर जाताना लक्षात ठेवावे की जोर जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ती जवळजवळ तिप्पट कठीण असते.

कधी थांबावे

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा छंद सुरू करू नये, कारण पूर्ण जोर लावताना रक्तदाब क्षणभर फार वर जातो. वाढीच्या वयातील मुलांनी आखूड सळईऐवजी लांब सळईवरच हात बसवावा, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. स्नायूंचे अंग दुखणे दोन दिवसांत जाते. पण कोपराच्या आतल्या बाजूचे, मनगटाच्या करंगळीकडचे किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेले टोचणारे दुखणे हे स्नायुबंधाचे किंवा सांध्याचे असते. असे दुखणे जाणवताच सळई खाली ठेवावी आणि ते पूर्ण जाईपर्यंत, किमान दोन आठवडे, हात लावू नये. परत सुरू करताना दोन पायऱ्या मागून सुरुवात करावी. छातीच्या मधल्या हाडाशी दुखत असेल तर शेवटच्या टप्प्यात सळईचे पाय छातीवर टेकवून दाबणे थांबवून ते छातीपुढे हवेत धरून मिटवावेत.

प्रत्येक वाकलेल्या सळईला कागदी चिकटपट्टी लावून तीवर तारीख, जाडी, लांबी, पोलादाचा प्रकार आणि गुंडाळी लिहावी, आणि न वाकलेल्या सळईचीही नोंद करावी. जी सळई आज हलली नाही ती फेकू नये. तिच्यात कोन पडलेला नसेल, तर सहा महिन्यांनी तीच सळई, त्याच गुंडाळीत, पुन्हा हातात घेता येते.